मेरिदा शहर, मायांची जुनी नगरे आणि तीन दगडांची चूल

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



प्रवासाहून परत आल्यापासून आपल्यापैकी पुष्कळ जणींनी मला वाटेत, भाजीबाजारात, हळदीकुंकवाला एकच प्रश्न विचारला, की "अहो, इतक्या लांब गेलात, मग पाहिलेत तरी काय?" प्रत्येकीला उभ्या-उभ्या थोडेथोडे सांगून झाले. आता चिटणीसबाई म्हणाल्या, सगळ्यांना मिळून एकदाच सांगा. म्हणून उभी राहिले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत, तेव्हा माझ्याकडून इतिहासाचे व्याख्यान होणार नाही. डोळ्यांनी जे पाहिले, मेहुण्यांनी पाट्या आणि पुस्तके वाचून जे समजावले, आणि तिथल्या एका आजीबाईंकडून जे कळले, तेवढे सांगते.

माझी धाकटी बहीण व मेहुणे नोकरीनिमित्त मेक्सिको देशातल्या मेरिदा शहरी राहतात. बहिणीच्या बाळंतपणासाठी मी २०२३ सालच्या ऑक्टोबरात तिकडे गेले आणि २०२४ च्या मार्चच्या आरंभी परत आले. तिला मुलगी झाली. मायलेकी सुखरूप आहेत. बाळंतिणीची आई नाही, म्हणून मोठ्या बहिणीने जायचे, एवढाच माझ्या जाण्याचा हेतू. प्रेक्षणीय स्थळे पाहणे हे त्यात आयतेच पदरात पडले.

आधी मुलूख कसा आहे ते सांगते. मेक्सिकोच्या आग्नेय टोकाला समुद्रात शिरलेला युकातान नावाचा द्वीपकल्प आहे. त्यातील युकातान राज्याची राजधानी म्हणजे मेरिदा. आसपासची जमीन पोळपाटासारखी सपाट, डोंगर दृष्टीस पडत नाही, आणि नदी म्हणाल तर एकही नाही. सगळा चुनखडीचा दगड. पाऊस पडला की पाणी दगडातून झिरपते आणि पोटात जाऊन बसते. जिथे वरचे छत कोसळले तिथे खोल विहिरीसारखे कुंड तयार होते. त्याला तिकडे 'सेनोते' म्हणतात. आपल्याकडच्या बारवेसारख्या पायऱ्या उतरून आम्ही अशा एका कुंडात गेलो. पाणी इतके नितळ, की तळाचे खडे मोजावेत. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी आकाशातून एक प्रचंड अशनी ह्याच भागात पडला. त्याने पडलेला खड्डा सुमारे १८० किलोमीटर रुंद असून आता जमिनीखाली गाडला गेला आहे. त्याच्या कडेकडेने ह्या कुंडांची गोलाकार माळ आहे, आणि मेरिदा त्या गोलाच्या आतच वसले आहे. ह्या कुंडांच्या पाण्यावर माया नावाच्या लोकांनी दोन हजार वर्षांहून अधिक काळ संसार केला, शेते पिकवली, नगरे बांधली.

आता मेरिदा. मी तिथे असतानाच जानेवारीच्या ६ तारखेस शहराचा वाढदिवस आला. आदल्या रात्री चौकात गाणी-बजावणी, दिव्यांची रोषणाई. १५४२ सालच्या ६ जानेवारीस धाकट्या फ्रान्सिस्को दे मोंतेहो ह्या स्पॅनिश सरदाराने हे शहर स्थापिले, असे पाठ्यपुस्तकात आहे. परंतु त्या जागी रान नव्हते. तिथे मायांचे 'तिहो' नावाचे नगर होते, त्यात दगडी उंच देवळे होती. ती पाहून स्पॅनिश लोकांना आपल्या देशातल्या मेरिदा गावच्या जुन्या रोमन अवशेषांची आठवण झाली, म्हणून त्यांनी तेच नाव दिले. मग मायांची देवळे पाडून त्याच दगडांनी त्यांनी आपली घरे व चर्च बांधले. चौकातले मोठे चर्च १५६१ मध्ये सुरू होऊन १५९८ मध्ये पुरे झाले. त्या भिंतींकडे पाहताना मनात येते, की दगड तेच, फक्त देव बदलला. माया बोलणारी माणसे आजही ह्या शहराला मेरिदा न म्हणता 'हो' म्हणतात. त्यांच्या भाषेत 'हो' म्हणजे पाच. आम्ही मात्र पहिले काही दिवस समजत होतो, की ही माणसे आमच्या प्रत्येक बोलण्याला मान डोलवून होकारच देत आहेत!

चौकाच्या दक्षिणेस मोंतेहो घराण्याचा वाडा आहे. त्याच्या दर्शनी भागावर १५४९ साल कोरले आहे. दाराच्या वर दोन्ही बाजूंस भालाईत शिपाई कोरले असून त्यांच्या पायांखाली माणसांची डोकी आहेत. बहिणीने उन्हात उभे राहून माझा तिथे फोटो काढला, पण त्या डोक्यांकडे पाहून मला काही हसू आले नाही.

बाकी शहर मोठे देखणे आणि रीतीचे. रस्ते आखल्यासारखे सरळ. त्यांना नावाऐवजी आकडे. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या रस्त्यांना सम आकडा, पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम. त्यामुळे माझ्यासारखी भाषा न येणारी बाईसुद्धा बाजारातून एकटी घरी येऊ शके. बागांतून पांढरी जोडखुर्ची असते. दोन बैठका एकमेकींकडे तोंड करून अशा जोडलेल्या, की शेजारी बसावे आणि तरी समोरासमोर बोलावे. घराघरांत भिंतींना आकडे ठोकलेले असतात आणि त्यांवर सुताची झोळी टांगून लोक त्यातच झोपतात. आमच्या भाचीला झोळीची सवय लावायला काही वेगळी खटपट करावी लागली नाही.

शहराच्या उत्तरेस पासेओ दे मोंतेहो नावाचा रुंद रस्ता आहे. दुतर्फा झाडे आणि राजवाड्यासारखी घरे. ही श्रीमंती कुठून आली म्हणून विचारले, तर उत्तर मिळाले, "घायपातातून." आपल्याकडे शेताच्या बांधाला लावतात तेच काटेरी घायपात, किंवा त्याचे सख्खे भावंड म्हणा. तिकडे त्याला एनेकेन म्हणतात. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेत गव्हाच्या पेंढ्या बांधण्याची यंत्रे निघाली आणि त्यांना लागणारी सुतळी युकातानातून जाऊ लागली. ज्या बंदरातून हा धागा आधी जाई त्याचे नाव सिसाल. म्हणूनच आपण त्या धाग्याला सिसल म्हणतो. त्या व्यापाराला 'हिरवे सोने' म्हणत. सोने मळेवाल्यांच्या घरी गेले. पाने कापणारे होते माया मजूर. त्यांना उचल देत, मळ्याच्या दुकानातूनच जिन्नस घ्यायला लावत, आणि बापाचे कर्ज फिटेपर्यंत मुलगा कामाला लागे. आपल्या आजोबांनी सावकाराच्या वहीचे जे सांगितले त्याहून हे निराळे नाही. पुढे दुसऱ्या देशांत ही लागवड झाली, कृत्रिम धागे निघाले, आणि तो व्यापार बसला. घरे तेवढी उरली आहेत. त्यांतल्या एका मोठ्या वाड्यात आता पुराणवस्तूंचे संग्रहालय आहे.

भगिनींनो, मला विचाराल तर मला सगळ्यांत आवडली ती मंडई. तिथे मला परकेपणा वाटलाच नाही. मिरच्यांचे ढीग, टोमॅटो, लाल भोपळा, पेरू, पपई, सीताफळ, चिकू! मी बहिणीला म्हटले, "अगं, हे तर सगळे आपलेच." मेहुणे हसून म्हणाले, "अक्का, हे आपले नव्हे, ह्यांचे. ह्यांच्याकडून आपल्याकडे आले." आणि ते खरेच आहे. मिरची, मका, टोमॅटो, बटाटा, पपई, पेरू, सीताफळ, हे सर्व मूळचे अमेरिका खंडातले. पाचशे वर्षांमागे आपल्याकडे मिरचीच नव्हती. तिखटपणा होता तो मिऱ्याचा. आपले घोलवड-डहाणूचे चिकू ज्या झाडाचे, ते झाड तर मूळचे ह्या युकातानच्या आणि आसपासच्या रानातलेच. त्याचा पांढरा चीक आटवून पूर्वी चघळण्याचा गोंद करीत. आपल्या ठेच्याचे आणि झुणक्याच्या फोडणीचे माहेर इतक्या दूर आहे हे आजवर ठाऊक नव्हते.

आमच्या शेजारी एक माया आजीबाई राहत. सत्तरीच्या, ठेंगण्या, अंगात नेहमी पांढरा सैल झगा. त्या झग्याला 'इपिल' म्हणतात. गळ्याला आणि घेराला रंगीत फुलांचे भरतकाम असते. त्यांनीच मला मक्याची खरी रीत दाखवली. मका रात्री चुन्याच्या पाण्यात शिजवून तसाच भिजत ठेवायचा. सकाळी चोळून धुतला की साल निघते. मग तो ओला मका दळायचा. पूर्वी तीन पायांच्या पाट्यावर दगडी वरवंट्याने वाटीत. आता बायका बादली घेऊन गिरणीवर रांग लावतात. त्या पिठाचा गोळा घेऊन हातानेच थापायचे आणि तव्यावर टाकायचे. त्याला तोर्तिया म्हणतात. आपण भाकरी थापतो तसाच तो टप्-टप् आवाज. मी त्यांच्या शेजारी बसून चार थापल्या. आजीबाईंनी माझ्या हाताकडे पाहिले आणि काही न बोलता पिठाची परात माझ्यापुढे सरकवली. भाषा येत नसताना मिळालेली ती पसंती मी विसरणार नाही.

चुना का घालतात हे मात्र ऐकण्यासारखे आहे. मक्यात एक जीवनसत्त्व असते, पण ते असे कोंडलेले असते की पोटाला मिळत नाही. चुन्याने ते मोकळे होते. स्पॅनिश लोकांनी मका युरोपात नेला, परंतु बायकांची चुन्याची रीत काही नेली नाही. त्यांना ते अडाणीपण वाटले असेल. परिणाम असा झाला, की इटली व स्पेनमधल्या ज्या गरिबांचे पोट केवळ मक्यावर होते त्यांना पेलाग्रा नावाचा रोग जडला. कातडी सोलवटे, जुलाब होत, शेवटी बुद्धी भ्रमे. पुष्कळ माणसे त्यात गेली. दाणा नेला आणि दाण्याबरोबरचे शहाणपण चुलीपाशीच राहिले, त्याचे हे फळ.

आता जुन्या नगरांकडे वळते. पहिले उश्माल. मेरिदाच्या दक्षिणेस सुमारे ८० किलोमीटर. तिथे मात्र टेकड्या लागतात. हे नगर सुमारे बाराशे वर्षांपूर्वी भरभराटीस होते. आत शिरताच समोर मोठे देऊळ उभे राहते, सुमारे ३५ मीटर उंच. आणि त्याचा पाया चौकोनी नसून लांबट गोल आहे. त्याची कथा अशी, की एका म्हाताऱ्या बाईला एक अंडे मिळाले. तिने ते फडक्यात गुंडाळून जपले. त्यातून मूल निघाले, ते ठेंगणेच राहिले. म्हातारीने त्याला राजाशी पैज लावायला धाडले, आणि त्या ठेंगूने एका रात्रीत हे देऊळ बांधले व राज्य मिळवले. खरे पाहता त्याचे बांधकाम पाच वेळा, एकावर एक झालेले आहे. पण गोष्ट ऐकताना मला आपल्या पांडवांनी एका रात्रीत बांधलेल्या देवळांची आठवण झाली. उंच बांधकाम पाहिले की माणसाला एक रात्रच का आठवते कोण जाणे.

पलीकडे चार बाजूंस चार इमारती आणि मध्ये अंगण, असा चौसोपी वाड्यासारखा भाग आहे. स्पॅनिश लोकांना तो जोगिणींच्या मठासारखा दिसला, म्हणून तेच नाव पडले. तिथे जोगिणी कधी नव्हत्या. भिंतींच्या वरच्या अर्ध्या भागात दगडाचे तुकडे कापून, एकमेकांत बसवून नक्षी केली आहे. लांब वाकड्या नाकाचे मुखवटे कोपऱ्याकोपऱ्यांवर आहेत. ते पर्जन्यदेव चाक ह्याचे मानतात. ह्या टेकड्यांत कुंडे नाहीत, सगळी भिस्त पावसावर. त्यांनी जमिनीत सुरईच्या आकाराच्या टाक्या खोदून, आतून चुन्याने लिंपून, पावसाचे पाणी वर्षभर साठवले. दुष्काळी गावच्या माहेरवाशिणीला हे सांगायला नको, की देवाला इतकी नाके का लावली असतील. आणखी एक गंमत सांगते. दारांवरची आडवी तुळई, जिथे आपण गणेशपट्टी बसवतो, ती तिथे चिकूच्या लाकडाची असे. ते लाकूड इतके चिवट, की काही ठिकाणी हजार वर्षांनंतरही टिकून आहे.

त्याच वाड्याच्या दक्षिणेकडील इमारतीत दारांच्या वर दगडात छोट्या झोपड्या कोरल्या आहेत. गवताने शाकारलेले उतरते छप्पर आणि मध्ये दार. राजाच्या वाड्यावर गरिबाची झोपडी! मी तिथे बराच वेळ थांबले. वाटाड्या सांगत होता, की हजार वर्षांपूर्वी ही नगरे ओस पडली आणि "माया लोक नाहीसे झाले." त्याच दिवशी परतताना आमची गाडी खेड्यांतून आली, आणि रस्त्याच्या कडेला हुबेहूब तीच घरे उभी होती. तेच उतरते छप्पर, तेच मधले दार, दाराशी इपिल घातलेली बाई, आत झोळी. मग नाहीसे झाले ते कोण? राजे गेले, देवळांचे पुजारी गेले. घर काही कुठे गेले नव्हते.

दुसरे नगर चिचेन इत्सा, मेरिदाहून पूर्वेस सुमारे १२० किलोमीटर. जगभरचे लोक येतात, त्यामुळे गर्दी पंढरपूरसारखी. मधल्या देवळाला चारी बाजूंनी ९१ पायऱ्या. चार वेळा ९१ म्हणजे ३६४, आणि माथ्यावरची एक मिळून ३६५. वर्षाचे दिवस! दिवस व रात्र समान असतात त्या मार्च आणि सप्टेंबरच्या दिवसांत, ऊन कलताना पायऱ्यांच्या कठड्यावर अशी सावली पडते, की एखादा नाग वरून खाली सरपटत येतो आहे असे दिसते. आणि कठड्याच्या तळाशी दगडी नागाचे तोंड आहेच. आता वर चढण्यास बंदी आहे. जवळच चेंडू खेळण्याचे पटांगण आहे, १६८ मीटर लांब. भिंतीत उंचावर दगडी कडे बसवले आहे. आणि एका वाटेने गेले की मोठे पवित्र कुंड लागते. त्यात सोने, हिरवे मौल्यवान दगड, धूप, आणि माणसेसुद्धा पर्जन्यदेवाला वाहिलेली सापडली. हेही सांगायला हवे. चांगले तेवढेच सांगणे बरे नव्हे. १९०४ पासून एका अमेरिकन गृहस्थाने ते कुंड उपसून पुष्कळ वस्तू आपल्या देशातल्या संग्रहालयात पाठवल्या. त्यांतल्या काही पुढे परत आल्या.

ह्या लोकांचे गणित ऐकून घ्या. एकाला एक ठिपका, पाचाला एक आडवी रेघ, आणि शून्याला शिंपल्यासारखी खूण. तीन खुणांत सगळा हिशेब, आणि तो विसाच्या पटीत, जसे आपल्याकडे जुनी माणसे विसा-विसाने मोजीत. शून्य आपल्या देशाने जगाला दिले असे आपण अभिमानाने म्हणतो, ते खरेच. पण समुद्रापलीकडे ह्यांनीही ते आपल्या बुद्धीने स्वतंत्र शोधले होते, हे कळून माझा अभिमान कमी झाला नाही. सोबत मिळाल्यासारखे वाटले. वर्षाचे त्यांनी वीस-वीस दिवसांचे अठरा महिने केले आणि उरलेले पाच दिवस अशुभ धरले.

हे सर्व ज्ञान त्यांनी पुस्तकांत लिहिले होते. झाडाच्या सालीच्या कागदावर, घडीच्या पोथीसारखी पुस्तके. १५६२ च्या जुलैत मानी नावाच्या गावी दिएगो दे लांदा ह्या पाद्र्याने ती गोळा करून जाळली. सैतानाचे लिखाण म्हणून. माणसांचेही हाल केले. आज साऱ्या जगात मायांची जुनी पुस्तके चारच उरली आहेत. आणि दैवाचा खेळ पाहा, त्याच लांदाने स्वतःच्या ग्रंथात मायांच्या काही अक्षरांची नोंद करून ठेवली होती. त्या नोंदीवरून १९५२ मध्ये क्नोरोझोव्ह नावाच्या रशियन विद्वानाने लिपी उलगडण्याची वाट दाखवली. पुढे १९६० मध्ये तात्याना प्रोस्कुरियाकोव्ह ह्या बाईंनी सिद्ध केले, की दगडांवर कोरलेली माणसे देव नसून खरे राजे आहेत, आणि लेख म्हणजे त्यांच्या जन्माच्या व राज्यारोहणाच्या तारखा. ज्या झगेवाल्या आकृतींना लोक पुजारी समजत होते त्यांपैकी काही राण्या व राजमाता आहेत, हेही त्यांनीच दाखवले. बाई ओळखायला बाईचीच नजर लागली म्हणा ना!

पुस्तके जळाली, देवळे पडली. मग मायांचे आज उरले ते कुणी सांभाळले? ह्याचे उत्तर मला कुठल्या संग्रहालयात मिळाले नाही. ते मिळाले फेब्रुवारीत, भाची तीन महिन्यांची झाली तेव्हा. आजीबाई म्हणाल्या, तिचा 'हेत्स मेक' करू. हा मायांचा जुना संस्कार आहे. बाळाला पहिल्यांदा कडेवर, पाय फाकवून घ्यायचे. त्याआधी बाळ हातांवरच असते. मुलगा असेल तर चौथ्या महिन्यात, कारण शेताला चार कोपरे. मुलगी असेल तर तिसऱ्या महिन्यात, कारण चुलीला तीन दगड. त्यांची चूल म्हणजे तीन दगडांचीच, आणि तिला ते 'कोबेन' म्हणतात. आजीबाईंनी बाळाला कडेवर घेऊन फेऱ्या घातल्या आणि तिच्या मुठीत एकेक वस्तू दिली. सुई-दोरा दिला, मक्याचा दाणा दिला, आणि पेन्सिल व वही पण दिली. मी बहिणीकरवी विचारले, की वही जुन्या रीतीत होती का? त्या म्हणाल्या, "माझ्या वेळी मुलीला देत नव्हते. आता देतो." रीत मोडली नाही, वाढवली. मला ते फार आवडले. आपले बोरन्हाण, उष्टावण डोळ्यांपुढे आले.

परंतु त्याच दुपारी त्यांनी जे सांगितले ते ऐकून मन खट्टू झाले. त्या लहानपणी शाळेत गेल्या तेव्हा माया बोलल्या म्हणून त्यांना शिक्षा होई. म्हणून त्यांनी आपल्या मुलीशी स्पॅनिशच बोलायचे ठरवले. मुलीला कोणी हसू नये म्हणून. मुलीला माया समजते, बोलता येत नाही. नातीला समजतही नाही. मेक्सिकोत २०२० च्या शिरगणतीत ही भाषा बोलणारे सुमारे पावणेआठ लाख होते, आणि दहा वर्षांपूर्वी त्याहून अधिक होते. मायांत "कशी आहेस?" असे विचारायचे तर "बिश आ बेल" म्हणतात. त्याचा अर्थ, 'तुझी वाट कशी आहे?' किती गोड विचारणे! आजीबाई म्हणाल्या, "मला आता असे विचारणाऱ्या माझ्या वयाच्या दोघी-तिघीच ह्या गल्लीत राहिल्या." लांदाच्या आगीतून जी भाषा चुलीपाशी बसून वाचली, ती तीन पिढ्यांत नुसत्या लाजेने चुलीपाशीच मुकी होत चालली आहे.

भगिनींनो, आपली मराठी कोट्यवधी लोकांची आहे, तेव्हा आपल्याला काय भीती, असे कुणी म्हणेल. मी भाषेच्या मोठ्या प्रश्नात शिरत नाही. मी माझ्या घरापुरते पाहते. माझी भाची समुद्रापलीकडे स्पॅनिश शाळेत जाणार. तिच्याशी मराठीत बोलायचे की नाही हे माझ्या बहिणीच्या हाती आहे, आणि दूरध्वनीवर माझ्या हाती. बहिणीने निघताना मला वचन दिले आहे, की घरात मराठीच. पण इथे, ह्याच गल्लीत, आपल्या नातवंडांना 'वरवंटा', 'उखळ', 'शिंकाळे' हे शब्द सांगायला चित्र काढावे लागते. आपण जात्यावरच्या ओव्या ऐकल्या. आपल्या मुलींनी ऐकल्या का? आपणही कधी चारचौघांत 'हिला हसतील' म्हणून मुलीला गप्प केलेच नाही, असे किती जणी म्हणतील?

म्हणून मंडळापुढे माझी एक साधी सूचना आहे. महिन्याच्या एका सभेला प्रत्येकीने मुलीला, सुनेला किंवा नातीला बरोबर आणावे. त्या दिवशी व्याख्यान नको. वडीलधाऱ्या बाईने एक ओवी, एक उखाणा, एक पदार्थ किंवा एक रीत सांगावी, आणि धाकटीने ती वहीत आपल्या हाताने लिहून घ्यावी. आजीबाईंनी माझ्या भाचीच्या मुठीत दाणा आणि पेन्सिल दोन्ही दिली, त्याचा अर्थ मी असाच घेतला आहे. पहिल्या सभेला मी चुन्यात भिजवलेल्या मक्याच्या भाकरी करून आणीन. थापायला मात्र तुम्ही हात लावा.

आपल्या मंडळाचे वर्ष नव्याने सुरू होत आहे. ते सर्वांना सुखाचे जावो.